दाराआडची इंग्रजी

ता. ५ आक्टोबर १८९३, गुरुवार. खालापूर

मनातलं बोलावं असा माणूस या गावात उरला नाही, म्हणून ही वही. कचेरीतल्या कपाटाला दोन किल्ल्या आहेत आणि दुसरी कोणाकडे असते ते मला चौदा वर्षांत कळलेलं नाही. तेव्हा वही घरीच, देव्हाऱ्याखालच्या फळीमागे राहील.

आज अलिबागेहून हुकूम आला. महालकरी रावसाहेबांनी तो सर्वांसमोर वाचला, पण वाचताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हाच समजलो. असिस्टंट कलेक्टर साहेब डिसेंबरात इथल्या आमराईत मुक्काम करणार आणि प्रत्येक कारकुनाची इंग्रजी स्वतः पाहणार. ज्याला लिहिता-बोलता येईल तो अव्वल कारकून. ज्याला येणार नाही त्याची बदली खाडीकाठच्या मिठागरांवर. आज अव्वल कारकून मी आहे. मोडीत माझ्यासारखं वळण सबंध तालुक्यात नाही. इंग्रजी मात्र पुस्तकातली, तीही वर्षभराची. वाचतो, अर्थ लावतो, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

सहदेव कारकून चैत्रात मुंबईहून आला, मॅट्रिक झालेला. हुकूम वाचून होताच मला म्हणतो, "आबाजीराव, काही अडलं तर विचारा हं." किती हा गोडवा! ज्याला माझी गादी हवी तोच मला हात धरून जिना चढवणार. म्हटलं, "पाहू."

घरी इंदूला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थापायची थांबली नाही. "मग शिका," एवढंच म्हणाली.

ता. १२, गुरुवार

आज बाजाराचा दिवस. चौकच्या वरच्या वाडीतली एक ठाकरीण, सोमी नावाची, गेली दोन वर्षं आमच्या मागल्या दारी पत्रावळी विकते. चाळिशीची असेल. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलेलं नाही.

इंदूने आज जे सांगितलं ते असं. पुण्याच्या रस्त्याने जाणाऱ्या कोणा साहेबाचा कुत्रा आमच्या परसात शिरला आणि वाळत घातलेल्या सुकटीत तोंड घातलं. इंदू ओरडली, शेजारीण ओरडली, कुत्रा हलेना. सोमीने पत्रावळींचा भारा खाली ठेवला आणि इंग्रजीत दोनच शब्द बोलली. कुत्रा खाली बसला! मागून साहेब आला, तर सोमी त्याच्याशीही बोलली, दहा-बारा वाक्यं, न अडखळता. साहेबाने टोपी काढली आणि कुत्रा घेऊन गेला.

चौकशी केली तेव्हा कळलं की माथेरानावर एका साहेबाच्या बंगल्यात ती बारा वर्षं चाकरीला होती. पाणी भरायला म्हणून गेली, पाच वर्षांनी साहेबाला मूल झालं ते दुसऱ्या कोणाकडे राहीना म्हणून आया झाली. चार वर्षांपूर्वी खाली आली. का आली ते सांगत नाही.

इंदू म्हणाली, "तिलाच विचारा की तुमच्या शंका."

मी! चौदा वर्षांचा अव्वल कारकून ठाकरणीपुढे पाटी घेऊन बसणार! कचेरी हसेल, बाजार हसेल, सहदेव तर पोट धरधरून हसेल. तेव्हा इंदूनेच तोड काढली. प्रश्न तिने विचारायचे, स्वतःला शिकायचंय म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दाराआड बसून उत्तरं टिपून घ्यायची. सोमीला कळायला नको.

बायको इतक्या चटकन तयार का झाली, हा प्रश्न मात्र मनात राहिला आहे.

ता. १९, गुरुवार, दसरा

सोमी आली ती आपट्याच्या पानांची जुडी घेऊन. इंदूच्या हातावर सोनं ठेवलं, बदल्यात काही मागितलं नाही. फुकट सोनं देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, मग ते झाडाचं का असेना.

दाराआड पाट टाकून बसलो. पहिली शंका माझी जुनीच. इंग्रजीत 'यू' एकच. चाकरालाही यू, कलेक्टरालाही यू. मग मान ठेवायचा कसा?

सोमी हसली. "आगं बाय, मान शब्दात नसतोय त्यांचा. हुकूम द्यायचा नाय, इचारायचं. 'पाणी आण' नाय म्हणायचं. 'पाणी आणशील का' म्हणायचं, चाकराला पण. आमची मेमसाब मला रागं भरायची ती पण इचारून."

दुसरी शंका: 'डू यू नो' यात तो 'डू' कशाला? करता तुम्ही जाणता, असा अर्थ होतो. सोमी म्हणाली, "त्यो म्हंजी दारावरची टकटक गं. आदी वाजवायचं, मंग आत शिरायचं."

आणि 'द' कुठे, 'अ' कुठे? ती म्हणाली, "ह्यो तांब्या पयल्यांदा बघितला तर 'अ'. येकदा तुझी माझी त्याची वळख झाली का मंग 'द'."

माझ्या पुस्तकात यावर पाच पानं आहेत. पाटीवर एक ओळ झाली. इतकं सोपं असेल तर ते बरोबर असेल कसं? तपासून पाहीन.

ता. २३, सोमवार

तपासलं. पुस्तकातली अठरा वाक्यं तिच्या तांब्याला लावून पाहिली. सतरा बसली. अठरावं छापण्यातली चूक असावी.

सहदेवाने आज आपला इंग्रजी कोश माझ्या बैठकीजवळ ठेवला आणि विसरल्यासारखं करून निघून गेला. मी हात लावला नाही. उद्या म्हणेल, पान फाडलं.

ता. २६, गुरुवार

आज एक भानगड हाती लागली.

संध्याकाळी साहेब भेटला तर 'गुड नाइट' म्हणावं, अशी माझी समजूत होती. सोमीने कपाळावर हात मारून घेतला. "ते जाताना गं! यायच्या आदीच जा म्हणतीस व्हय?" बरं. नंतर विचारायला लावलं की इंग्रज स्वतःला 'आय' म्हणताना ते अक्षर नेहमी मोठंच का लिहितात. इतका कसला गर्व? यावर बाई म्हणाली, "मोठा आय नि बारका आय काय असतोय? आवाज तर येकच."

'नाइफ'मध्ये सुरुवातीला क लिहितात आणि बोलत नाहीत, ते का? "क? कंचा क? बारा वर्सं चाकू दिला-घेतला, क कवा आयकला नाय मी."

बोलण्याचं काहीही विचारा, उत्तर तयार. लिहिण्याचं विचारलं की टाळाटाळ. इंदू म्हणते तिला वाचता येत नसेल. इंदू भोळी आहे. वाचता आल्याशिवाय इंग्रजी येईलच कशी? मराठी आईच्या दुधाबरोबर येते, ते वेगळं. इंग्रजी ही पुस्तकातली भाषा. मी अव्वल कारकून असून एकेका पानाला आठवडा लागतो. ही बाई वाचणारी आहे आणि ते लपवते आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

ता. ३०, सोमवार

माझ्या इंग्रजी पुस्तकाच्या सतराव्या पानावर हळदीचं बोट उमटलं आहे. मी हळदीच्या हाताने पुस्तक धरत नाही. बाजाराच्या दिवशी सोमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येते. माझ्या पुस्तकात तिने काय शोधलं?

ता. २ नोव्हेंबर, गुरुवार

आज सोमीनेच उलट प्रश्न केला. "बाय, साहेब कवा यायचा गं खालापुरास? जुनी परकरणं उकरून काढतोय का ह्यो साहेब? चार-पाच वर्सांची?"

माझ्या हातातली लेखणी थांबली. ठाकरणीला साहेबाच्या मुक्कामाची काय पडली आहे?

इंदूने तिला केळी दिली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. सोमी दाराकडेच पाहत होती. म्हणाली, "तुज्या घरची दारं लई शिकलेली दिसत्यात, बाय. कान देऊन आयकत्यात." आणि दोघी हसल्या. घरच्या दारावर हसण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही.

ता. ९, पाडवा

सोमी आली नाही. दिवाळीत कशाला येईल! पण तीन प्रश्न साठले आहेत. कंटाळून इंदूलाच म्हटलं, 'तो आला नाही का?' याला इंग्रजीत आला नसेल तर 'यस' म्हणायचं की 'नो'? आपण म्हणतो, 'हो, नाही आला.' ती करंज्या तळताना म्हणाली, "नो. प्रश्न कसाही असो. नाही म्हणजे नो."

बरोबर निघालं. पुस्तकात एकेचाळिसाव्या पानावर आहे. त्या पानावरही हळद आहे. म्हणजे सोमी माझ्या पुस्तकातूनच वाचते आणि तेच इंदूला सांगते! आता मात्र माझी खात्री झाली.

ता. १६, गुरुवार

पुरावा मिळाला.

चांगो आमचा जुना पट्टेवाला. त्याला मी दोन आठवड्यांपूर्वी सांगून ठेवलं होतं की बाजाराच्या दिवशी त्या ठाकरणीवर डोळा ठेव. आज तो हळूच येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, तळ्याच्या पायरीवर बसली हुती. कनवटीचं फडकं सोडलं, आतनं कागद काढला. लिफाफाच. वर राणीचं तिकीट. लई येळ बघत बसली. मंग पुन्हा बांधला नि उठली."

"वाचत होती?"

"बघत हुती. वाचत हुती का ते मला काय ठावं? मला तरी कुठं येतंय वाचाया."

इंग्रजी लिफाफा बाळगते, लांबवर बसून वाचते आणि आमच्या घरी येऊन क ओळखत नाही म्हणते. शिकवल्याचा पैसा घेत नाही. साहेब कधी येणार विचारते. जुनी प्रकरणं उकरतात का विचारते. एकेक गोष्ट सुटी घेतली तर काही नाही, पण मी चौदा वर्षं सुटे कागद दोऱ्यात ओवत आलो आहे. ही बाई कोणाची तरी हेर तरी असेल, नाहीतर त्या बंगल्यातून काही दप्तर चोरून पळालेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

ता. २०, सोमवार

महालकरी रावसाहेबांनी कळवलं की साहेब आयत्या वेळी मजकूर देणार नाहीत. महालातल्या एखाद्या खऱ्या बाबीवर प्रत्येकाने स्वतः इंग्रजीत रिपोर्ट लिहून आणायचा आणि त्यावर बोलायचं. सहदेव तळ्याच्या बांधावर लिहितो आहे. तळ्यावर! त्यात कोणाचं डोकं चालावं?

माझ्याकडे विषय आहे.

ता. २३, गुरुवार

आज इंदूकडून एकच शंका विचारून घेतली. कोणाबद्दल वाईट सांगायचं झालं तर साहेबापुढे अदबीने सुरुवात कशी करावी?

सोमी म्हणाली, "'आय अ‍ॅम अफ्रेड' म्हणायचं. म्हंजी मला भ्या वाटतंय. भ्या बिया काय नसतंय, पण वाईट सांगायच्या आदी म्हणत्यात. मला काढलं ना बाय, तवा मेमसाब तसंच म्हणाली. 'आय अ‍ॅम अफ्रेड यू मस्ट गो, सोमी.' मी यडी. मला वाटलं तिला खरंच कशाचं भ्या वाटतंय. मी म्हटलं, घाबरू नका मेमसाब, मी हाय ना."

मी वाक्य टिपून घेतलं. उत्तम वाक्य आहे, कुठल्याही पुस्तकात नाही.

ता. २८, मंगळवार

रिपोर्ट पुरा झाला. नऊ वेळा उतरून काढला. सुरुवात: 'आय अ‍ॅम अफ्रेड', मग महालात एक डोंगराळ बाई आहे, 'अ वूमन', इंग्रजी येत असून अक्षरशत्रू असल्याचं सोंग करते, संशयास्पद कागद जवळ बाळगते, सरकारी माणसांच्या घरी येऊन साहेबांच्या हालचालींची चौकशी करते. गाव, वाडी, नाव. 'अ' आणि 'द' सगळे जागच्या जागी. वाचताना मलाच वाटेना की हे मी लिहिलं.

इंदूला दाखवावा असं मनात आलं. दाखवला नाही. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

ता. ३०, गुरुवार

आज मी दाराआड बसलो नाही. आता शंका उरल्या नाहीत. पण कचेरीतून लवकर परतलो तर परसात दोघी डोक्याला डोकं लावून बसलेल्या. सोमी रडत होती. मला पाहताच उठली आणि भारा उचलून चालती झाली. इंदूने काहीतरी पदराखाली घेतलं. थोड्या वेळाने तांदळाच्या मडक्याचं झाकण वाजलं.

विचारलं, "काय लपवलंस?"

"तुम्हाला सांगायची वेळ आली की सांगेन. साहेब जाऊ दे."

आता घरातही.

ता. ५ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून आमराईत तंबू, घोडे, कोंबड्यांची पळापळ. अकरा वाजता माझं नाव पुकारलं. साहेब पस्तिशीचे, लाल मानेचे. मी 'गुड मॉर्निंग, सर' म्हटलं. त्यांनी रिपोर्ट वाचला. पहिल्या ओळीवर थांबले, भुवया वर गेल्या. म्हणाले, इतका सहज मायना लिहिणारा देशी कारकून मी आजवर पाहिला नाही. मग दहा मिनिटं बोलले आणि मी उत्तरं दिली! टकटक करून आत शिरल्यासारखं, एकेक वाक्य आपोआप येत गेलं. जीभ टाळूला चिकटली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "इंग्रजी कोणाकडे शिकलात?"

मी म्हटलं, "पुस्तकांकडून, सर."

जागा माझीच राहिली. सहदेवाने माझे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं. तो म्हणाला, त्याने गेल्या महिन्यातच पनवेलीस बदली मागितली आहे, तिथे त्याची आई आजारी आहे. मग कोश कशासाठी ठेवला होता, असं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

साहेबांनी चौकच्या पाटलाकडे माणूस पाठवला आहे. उद्या सोमीला आणणार.

ता. ६, बुधवार

सोमीला आणलं. चालत आली, दोन बाजूंना दोन शिपाई. झडतीत कनवटीला रिकामं फडकं निघालं. कागद नाही.

साहेबांनी इंग्रजीत प्रश्न केले. तिने उभ्या उभ्या इंग्रजीत उत्तरं दिली. मी शेजारी उभा. दोघांचं बोलणं इतक्या वेगाने चाललं की निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. जे समजलं ते लिहितो. वाचता येतं का? नो, सर. इंग्रजी कुठे शिकलीस? एका मुलाला वाढवताना. कोणाच्या बंगल्यात? नाव सांगितलं नाही. मग साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या कारकुनाच्या घरी कशाला जातेस?

एक वाक्य बोलली असती तर कालचं सगळं धुळीला मिळालं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, पत्रावळी विकायला, सर. त्यांची बायको चांगली आहे.

साहेब हसले. गुन्हा काही दिसत नाही म्हणाले. पण बंगल्याचं नाव लपवते, तेव्हा नजरेखाली राहू द्या. दर गुरुवारी चौकला पोलीसपाटलापुढे हजेरी.

खरं तर मी निश्चिंत व्हायला हवं. पण तिने सांगितलं का नाही? आता ही माझ्याकडून काय मागणार?

ता. ७, गुरुवार

बाजार. मागल्या दारी कोणी आलं नाही. इंदू दार उघडं टाकून बसली होती.

ता. १०, रविवार

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

आज जेवताना इंदू म्हणाली, "चांगो भेटला. सोमीला कोणी धरून दिलं ते त्याने सांगितलं." मी सरकारी कामाविषयी बोललो. ती ऐकून घेत राहिली. मग उठून तांदळाच्या मडक्यात हात घातला आणि लिफाफा काढून माझ्या पानाशेजारी ठेवला.

"चार वर्षं हा तिच्या कनवटीला आहे," ती म्हणाली. "तिला वाचता येत नाही. वाडीत कागद आला की कोणाचा तरी कोयता जातो, शेतात राब जाळायला फांद्या तोडायची बंदी होते, कोणीतरी तुरुंगात जातं. बंगल्यातून तिला चोरीचा आळ घेऊन काढलं. मुलाचा चांदीचा पेला हरवला होता. मग विलायतेहून हा आला. तिला वाटतं हे पकडण्याचं फर्मान आहे. कचेरीतल्या माणसाला दाखवायचा तर धीर नाही. मी विचारायला लागले तेव्हा तिला वाटलं, ही बाई शिकली तर हीच वाचेल. म्हणून येत होती दर गुरुवारी. तुमच्यासाठी नाही. तुम्ही दाराआड आहात ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी म्हटलं, "तू वाचलंस?"

"निम्मं. तुमच्या पुस्तकावरून. मला अजून सगळं येत नाही, खात्री नसताना तिला काय सांगू? उरलेलं साहेब गेल्यावर तुमच्याकडून समजून घेणार होते."

हळदीचं बोट. मी दोन महिने सगळ्या जगाकडे डोळे फाडून पाहत होतो आणि माझ्याच चुलीपाशी माझी बायको इंग्रजी वाचायला शिकली.

पत्र वाचलं. तारीख १८८९ची. मेमसाहेबांनी लिहिलं आहे की विलायतेची बोट सुटल्यावर पेला मुलाच्या खेळण्यांच्या पेटीत सापडला. आम्ही तुझ्यावर फार मोठा अन्याय केला. बंगल्यातल्या नव्या मंडळींना लिहिलं आहे, तू वर जा, तुझी जागा तुझीच आहे. मूल तुझं नाव घेतं आणि तुझ्या भाषेतलं एक गाणं म्हणत झोपतं. आम्हाला त्याचा अर्थ समजत नाही. कोणाकडून लिहवून कळवशील का?

चार वर्षं ती त्या डोंगराखाली राहिली आणि भीतीने वर गेली नाही. मी पान तसंच टाकून उठलो. मला लाज वाटली. यापुढे काय लिहावं ते सुचत नाही.

ता. १७, रविवार

साहेबांना दुसरा रिपोर्ट इंग्रजीतच लिहिला. हजेरी रद्द व्हावी, संशय माझा होता आणि खोटा होता, आणि मला इंग्रजी पुस्तकांनी नव्हे, या बाईने शिकवली. चार दिवस लागले. कोणाला विचारायला नव्हतं. तो खिशात घालून सकाळी इंदूला घेऊन निघालो. चौकपर्यंत गाडी, पुढे चढण. इंदू कधी डोंगर चढलेली नाही, पण सगळी वाट माझ्या पुढे चालत होती.

माझी पगडी दिसताच वाडी रिकामी झाली. कुडाची दारं एकामागून एक लागली. सोमीच्या खोपीत इंदू गेली. मी मागून उंबऱ्यापर्यंत गेलो तर आतून सोमीचा आवाज आला.

"त्यांना भायेर बसू दे, बाय. दाराआड."

मी अंगणातल्या दगडावर बसलो. दार लावलं गेलं. इंदूने आतून सांगितलं, "वाचा."

मी पत्र वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पेला सापडला तिथे आत हुंदका ऐकू आला. गाण्यापाशी थांबलो. मग सोमी हळू म्हणाली, "बाय, त्यांना इचार, कागदावर साल कंचं हाय."

इंदूने मला विचारलं. मी सांगितलं. इंदूने तिला सांगितलं.

"म्हंजी त्यो आता अकरा वर्सांचा," सोमी म्हणाली. "आता कशाला गाणं म्हणतोय."

मी दुसऱ्या रिपोर्टाचं सांगितलं. तुझं नाव यादीतून काढवतो म्हटलं. आतून उत्तर आलं ते इंदूलाच.

"अजून येक कागद? आदी पयला वाचा म्हणावं. माझ्याबद्दल साहेबाला काय लिवलं व्हतं त्यो."

तो जवळ नव्हता. पण नऊ वेळा उतरलेला मजकूर पाठ असतो. म्हणून दाखवला नसता तर बरं झालं असतं, पण दाखवला. 'आय अ‍ॅम अफ्रेड'पासून शेवटच्या सहीपर्यंत, कुडाच्या भिंतीकडे पाहत, एकही शब्द न गाळता.

सोमी म्हणाली, "सांग त्यांना, बाय. इंग्रजी बरोबर हाय. येक पण चूक नाय."

दार उघडलं नाही. दुसरा रिपोर्ट तिने मागितला नाही. तो उद्याच्या टपालाने जाईल.